दोष वस्तूचा, बोल प्रारब्धाला का?

धनत्रयोदशी आली की घरोघरी नवे भांडे येते. गृहिणी त्याला हळदकुंकू लावते, देवापुढे ठेवते आणि मगच ते चुलीवर चढते. अशा मंगल दिवशी आम्ही थोडा रुक्ष विषय काढणार आहोत, त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. सदोष वस्तूमुळे कोणास इजा झाली, तर तिची भरपाई कोणी करावी, हा तो विषय.

काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत आमच्या परिचयाच्या एका घरी नवा कुकर फुटला. झाकण उडाले आणि वाफेने धाकट्या सुनेचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही समाचारास गेलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बुवा, भोग असतो एकेकाचा." आम्हीही मान डोलावली आणि प्रारब्धावर चार शब्द बोलून परतलो. तोवर कुकर भंगारवाल्याकडे गेला होता आणि पावती केरात. त्या मुलीची बोटे अजून पुरती वळत नाहीत. त्या दिवशी आम्ही जे बोललो ते शास्त्राला धरून नव्हते, हे आज कबूल करणे आम्हास प्राप्त आहे.

कारण आमच्या स्मृतिकारांनी असा दोष दैवावर ढकललेला नाही. निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याने दुप्पट मूल्य द्यावे आणि वर दंडही भरावा, असे नारदस्मृती सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीने तर घेणाऱ्यास माल पारखण्याची मुदत ठरवून दिली आहे. लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात आणि बियाण्यास दहा दिवस. म्हणजे विकणाऱ्याचे कर्म विकणाऱ्यास चिकटते, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे.

परंतु त्या काळी पारख घेणाऱ्याच्या हाती होती. गाय तीन दिवस दोहून पाहता येत असे. आज कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची धातू कच्ची आहे की पक्की, हे कोणती गृहिणी एका दिवसात पारखणार? जी परीक्षा घेणाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली, ती करण्याचे ऋण बनविणाऱ्यावर येते. आमच्या अल्पमतीप्रमाणे आजच्या कायद्याचे मर्म एवढेच आहे.

हे मर्म पश्चिमेकडेही सहज उमगले नाही. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेस्ली गावी मे डोनोह्यू नावाच्या बाईने आल्याच्या पेयाची बाटली घेतली. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, अशी तिची तक्रार होती. अडचण अशी की पैसे तिच्या मैत्रिणीने दिले होते. तेव्हा या बाईचा कारखानदाराशी संबंध काय, असा प्रश्न आला. १९३२ साली लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला. शेजाऱ्यावर प्रेम करावे या ख्रिस्ती धर्मवचनाचा आधार घेऊन लॉर्ड ॲटकिन यांनी सांगितले की, ज्याला आपल्या कृतीची झळ पोहोचेल हे आपल्याला कळायला हवे, तोच कायद्याने आपला शेजारी. पैसे कोणी मोजले हा प्रश्न गौण ठरला.

आपल्याकडे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. बनावटीत दोष असो, रचनेत असो, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व धोक्याचा इशारा दिलेला नसो, निर्माता उत्तरदायी ठरतो. निर्मात्याचा पत्ताच लागत नसेल, तर विक्रेत्यास जबाब द्यावा लागतो. पावती यजमानांच्या नावे असली, तरी त्यांच्या संमतीने वस्तू वापरणारी सूनही ग्राहकच आहे.

कायदा एकतर्फी मात्र नाही. वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात फेरफार केला, तर विक्रेत्याविरुद्ध दाद मिळत नाही. व्हॉल्व्ह बिघडला म्हणून त्या भोकात भलतेच काही ठोकून बसविणाऱ्याने कारखान्यास बोल लावू नये. निर्मात्याचे ऋण आहे, तसे घरधन्याचेही आहे.

म्हणून या सणाला आमची एवढीच विनंती. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहूनच कुकर घ्यावा. पावती देव्हाऱ्याच्या खणात जपावी. दुर्दैवाने अपघात झालाच, तर प्रथम उपचार करावेत, परंतु फुटलेली वस्तू टाकू नये. दोष तपासल्यावाचून कळत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवितो; तीच खरी साक्षीदार. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील दिलाच पाहिजे असे नाही आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मार्गदर्शन मिळते.

कोणी म्हणेल, भाविकाने कोर्टकचेरीच्या वाटेस का जावे? कर्मसिद्धांत आपल्या कर्माचे फळ सोसावयास सांगतो. दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर पांघरूण घाला, असे तो कोठेही सांगत नाही. आपण गप्प बसलो, तर त्याच साच्यातला दुसरा कुकर दुसऱ्या सुनेच्या चुलीवर चढतो. तिच्यासाठी उच्चारलेला शब्द भांडण नव्हे, तो शेजारधर्म आहे.

त्या सासूबाईंना आम्ही हे सारे अलीकडेच सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बुवा, हे तेव्हाच सांगायला हवे होते." त्यांचे म्हणणे खरे होते. तेव्हा राहून गेलेले आज येथे लिहिले. आपणां सर्वांच्या घरची चूल निर्भय असो आणि ही दीपावली सुखाची जावो.