कचेरी आणि कोठडी एकाच छपराखाली

महसूल थकवणाऱ्या माणसाला अटक करून दहा दिवसांपर्यंत कलेक्टरच्या, तहसीलदाराच्या किंवा नायब तहसीलदाराच्या कचेरीत अडकवून ठेवता येते, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १८३ मध्ये आहे. संहिता १९६६ची. ठेवायचे ते कचेरीतच, आणि त्या दिवसांतल्या जेवणाखाणाचा खर्चही थकबाकीदारानेच सोसायचा. दाखल्यासाठी, फेरफारासाठी तहसीलच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांना हे कलम ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तालुक्याच्या गावची जुनी मामलेदार कचेरी ज्याने आतून पाहिली आहे, त्याला त्याचे नवल वाटणार नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या या कचेऱ्यांची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असे. दगडी भिंती, वर कौले, समोर कारकुनांचा लांब व्हरांडा. आत मामलेदाराचे दालन, शेजारी दफ्तरखाना, पलीकडे खजिन्याची खोली आणि तिच्याच आसपास गजांच्या दाराची कोठडी, म्हणजे सबजेल. खजिना आणि कैदी जवळजवळ ठेवण्यामागे साधा हिशोब होता. दोन्हींवर रात्रंदिवस पहारा लागतो, आणि दोन पहारे ठेवण्यापेक्षा एक ठेवणे स्वस्त पडते. त्यात मामलेदार हा वसुली अधिकारी, तोच मॅजिस्ट्रेट आणि तोच सबजेलचा पदसिद्ध अधीक्षक. शेतसारा मागणारा, निवाडा देणारा आणि किल्ली सांभाळणारा माणूस एकच होता. गावपातळीवर हीच व्यवस्था चावडीत दिसे. तिथे पाटील-कुलकर्णी सारा घेत, पंच बसत आणि संशयिताला रात्रभर बसवून ठेवीत.

असे घडले ते केवळ आपल्याकडेच असे नाही. स्कॉटलंडच्या जुन्या शहरांत टोलबूथ नावाची इमारत असे. बाजारात येणाऱ्या मालावरची जकात तिथे भरायची, नगरसभा तिथेच बसायची, न्यायनिवाडा तिथेच व्हायचा आणि तळघरात किंवा मनोऱ्यात कैदी ठेवायचे. १५९७ मध्ये तिथल्या संसदेने शहरांना तुरुंग बांधण्याचा हुकूम केला, तेव्हा बहुतेकांनी याच इमारतीला कोठड्या जोडल्या. देणे बुडवणारा तिथल्या कोठडीतून पळाला, तर त्याचे कर्ज शहराच्या कारभाऱ्यांच्या गळ्यात पडत असे. साहजिकच कुलपे भक्कम असत. १८३९च्या कायद्यापासून तुरुंगांचा कारभार शहरांच्या हातून जात गेला, कैदी मोठ्या तुरुंगांत हलले आणि टोलबूथच्या इमारती मोकळ्या होऊ लागल्या.

साताऱ्याचा इतिहास वाचणाऱ्याला या गोष्टीतला एक धागा ओळखीचा वाटेल. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून आलेला आणि पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावचा. त्या गावाच्या टोलबूथचा मनोरा त्याच्या जन्माच्या वीसेक वर्षे आधी उभा राहिला होता आणि आजही उभा आहे. ग्रँट डफचा वरिष्ठ माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाही स्कॉटिश, आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा करणारा लॉर्ड डलहौसीही स्कॉटिशच. म्हणून ही रचना त्यांनी इथे आणली असे मात्र म्हणता येणार नाही. खजिना, दफ्तर आणि कैदी एकाच तटाआड ठेवण्याची रीत मराठी मुलखात आधीपासून होती. सातारच्या किल्ल्यावर १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना कैदेत ठेवले. कोयनेच्या खोऱ्यातला वासोटा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा तिथून हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी सुटले. मामलेदार हे पदही पेशवाईतलेच. इंग्रजांनी ते ठेवून घेतले, त्याला छापील नियम दिले आणि गडावरचा कारभार खाली बाजारपेठेत आणून बसवला.

गड खाली आला, पण धाक तोच राहिला. तो सर्वांना सारखा मात्र नव्हता. बागायतदाराला कचेरी म्हणजे सारा आणि मोजणी. रामोशी, मांग, पारधी यांना कचेरी म्हणजे हजेरी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि पुढे तो मुंबई इलाख्याला लागू झाल्यावर, अख्ख्या जातीजमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. ज्याने कधी कुणाच्या वस्तूला हात लावला नाही, त्यालाही हजेरी चुकवली म्हणून कोठडी दिसे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी १९५९च्या ‘फकिरा’ कादंबरीत हा हजेरीचा अपमान आणि सरकारी खजिन्यावरचा घाला दोन्ही आणले, ते उगाच नव्हे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कचेऱ्यांच्या इतिहासाबद्दल बोलताना हे पान गाळले, तर उरतो तो अर्धाच इतिहास.

दुसरे पान १९४२चे. ऑगस्टच्या ठरावानंतर सातारा जिल्ह्यात लोकांनी मोर्चे काढले ते रेल्वे स्टेशनांवर नव्हे की बंगल्यांवर नव्हे. ते गेले मामलेदार कचेऱ्यांवर. तेव्हाच्या साताऱ्यातच आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज, १० सप्टेंबरला इस्लामपूर. तासगावच्या कचेरीवर लोकांनी तिरंगा लावला आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढवली. वडूजला मात्र गोळीबार झाला. जयराम स्वामींच्या वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे अनेक जण कचेरीसमोर पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे यांना गोळ्या लागल्या आणि ते हुतात्मा झाले. खेड्यातल्या माणसाला राज्य कुठे राहते हे नेमके कळलेले होते. सारा जिथे भरावा लागतो आणि कोंडले जिथे जाते, त्या एका इमारतीवर झेंडा लागला की राज्य हलले, इतका तो सरळ विचार होता.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने त्यानंतर जे केले ते या इमारतींच्या संदर्भात फार लक्षणीय आहे. त्यांनी गावोगाव न्यायमंडळे चालवली, सावकारी आणि दरोडेखोरी मोडून काढली, लग्ने कमी खर्चात लावली. पण त्यांच्याकडे ना कचेरी होती ना तुरुंग. बसायला देऊळ किंवा मळा, आणि शिक्षा जागच्या जागी. त्या शिक्षांतले क्रौर्य झाकण्याचे कारण नाही. तरीही दगडी कचेरीशिवाय तीन-चार वर्षे कारभार चालतो आणि लोक त्याला मानतात, हे याच जिल्ह्याने दाखवून दिले.

सांगलीची गोष्ट निराळी, कारण ती संस्थानची राजधानी. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले आणि त्यांनी गणेशदुर्ग बांधला. भोवती खंदक, आत राजवाडा, संस्थानच्या कचेऱ्या आणि तुरुंगही. स्कॉटलंडच्या टोलबूथला मराठी मुलखात एकच जोड शोधायची झाली, तर ती हीच. इथे २४ जुलै १९४३ रोजी जे घडले ते सांगलीकर विसरलेले नाहीत. पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेऊन वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती तटावर चढले, तिथून खंदकात उड्या टाकल्या आणि पळत सुटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. वसंतदादांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. तोच कैदी १९७७ मध्ये महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले, १ ऑगस्ट १९४९ला दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला आणि १९६०च्या नोव्हेंबरात त्याचे नाव सांगली झाले. राजवाड्याच्या आवारात जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि न्यायालय आले, पुढे ती विजयनगरच्या बाजूला हलली. कारागृह मात्र तिथेच राहिले. २०१९च्या महापुरात त्यात पाणी शिरले. भर वस्तीत, पूररेषेच्या टप्प्यात, जुन्या तटाआड माणसे कोंबून ठेवणे योग्य नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कैद्यांना हवेशीर, कोरडी आणि पुरेशी जागा मिळाली पाहिजे, आणि ती लवकर मिळाली पाहिजे. प्रश्न त्यांच्या जाण्यानंतरचा आहे.

कारण तालुक्यांच्या कचेऱ्यांचे काय होते हे डोळ्यांसमोर आहे. १९५१च्या कायद्याने मुंबई राज्यात न्याय आणि कारभार वेगळे करायला सुरुवात झाली. न्यायालयाने आपली इमारत घेतली, पोलिसांनी आपली, खजिना बँकेकडे गेला. मग काचेची आणि रंगीत पत्र्याची मध्यवर्ती प्रशासकीय इमारत उभी राहते आणि जुनी कचेरी एक तर पाडली जाते किंवा जप्त केलेल्या गाड्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरली जाते. कोठडीला लागलेले कुलूप गंजून तसेच राहते. १९८०च्या दशकात राज्याने गावोगाव हुतात्मा स्मारके बांधली. हेतू उत्तम होता. पण यांतली कित्येक गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत आहेत, आणि जिच्या पायरीवर माणसे पडली ती इमारत स्मारकाच्या यादीत नाही. नवे सिमेंट जपायचे आणि गोळी झेललेला दगड सोडून द्यायचा, हा उलटा व्यवहार आहे.

एडिनबरोने एकदा ही चूक केली. तिथला जुना टोलबूथ १८१७ मध्ये पाडला. १७३६ साली जमावाने तो फोडून शहराच्या पहाऱ्याचा कॅप्टन पोर्टियस याला बाहेर ओढून फासावर लटकवले होते, इतका पोर्टियसवर लोकांचा राग. आज तिथे रस्त्यात दगडांनी काढलेले एक हृदय तेवढे आहे. टोलबूथचे एक दार वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने आपल्या घरी नेऊन बसवले म्हणून वाचले. त्याच शहरातला कॅननगेटचा १५९१चा टोलबूथ मात्र टिकला, आणि त्यात आता राजेराण्यांचे नव्हे तर एडिनबरोच्या कष्टकरी माणसांचे संग्रहालय आहे. अॅबर्डीनच्या टोलबूथमधल्या सतराव्या शतकातल्या कोठड्या लोक आत जाऊन पाहतात. स्टर्लिंगच्या टोलबूथमध्ये संगीताचे कार्यक्रम होतात. या इमारती श्रीमंत देशाचे चोचले म्हणून टिकल्या नाहीत. त्या गावाच्या मालकीच्या होत्या, म्हणून गावाला त्यांचे काहीतरी करावेसे वाटले.

साताऱ्यातही हे होऊ शकते याचा पुरावा साताऱ्यातच आहे. जुन्या राजवाड्यात सरकारी शाळा भरली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा तिथे दाखल झाला. वापर बदलला म्हणून तो वाडा नुसता उभा राहिला नाही, राज्यभर विद्यार्थी दिवस साजरा होण्याइतका मोठा झाला. शेजारच्या नव्या राजवाड्यात दीर्घकाळ जिल्हा न्यायालय भरत होते. न्यायालय हलल्यावर त्या इमारतीची जी आबाळ झाली ती रोज तिथून ये-जा करणाऱ्या सातारकरांना सांगायला नको.

काही जण म्हणतील, शाळांना खोल्या नाहीत, दवाखान्यांना छप्पर नाही, तिथे जुन्या कोठड्यांवर पैसा कशाला. आक्षेप खरा आहे, म्हणून मागणी मोठ्या संग्रहालयांची नको. वडूज, तासगाव, इस्लामपूर, कराड इथे जुन्या कचेरीचा जो काही भाग शाबूत असेल तो पाडण्यापूर्वी मोजून, नकाशा काढून ठेवायला फार खर्च येत नाही. व्हरांडा वाचनालयाला द्यावा, दालन ग्रामसभेला किंवा बचत गटाला द्यावे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना बसायला जागा मिळत नाही, त्यांना ती द्यावी. कोठडी मात्र रंग न देता, दार न काढता तशीच ठेवावी आणि तिच्या भिंतीवर दोन याद्या लावाव्यात. एक ४२च्या मोर्चात पडलेल्यांची. दुसरी हजेरीच्या वह्यांवरून, जिथे त्या मिळतील तिथून, जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या वस्त्यांची आणि गावांची. दुसरी यादी लावायला अधिक धैर्य लागेल, आणि तिच्याविना पहिलीला अर्थ येत नाही.

गणेशदुर्गाचे मात्र आजच ठरायला हवे, कारण शहराच्या मध्यातली जागा रिकामी झाली की तिच्यावर नजर पडायला वेळ लागत नाही. कारागृह जिथे नेले जाईल तिथे जावो. महापालिकेने सरकारकडे त्याआधीच लेखी मागणी करावी की तट, बुरूज आणि कोठड्यांची ओळ शहराच्या ताब्यात मिळावी आणि राज्य संरक्षित स्मारक म्हणून जाहीर व्हावी. ज्या तटावरून उड्या पडल्या तिथवर शाळेच्या मुलांना चढून जाता यावे आणि खंदकाची जागा वरून पाहता यावी. पत्रावळे आणि जाधव यांची नावे तिथे मोठ्या अक्षरांत असावीत, मुख्यमंत्र्यांच्या नावाइतक्याच मोठ्या.