बॉयलरच्या पाण्याचं रजिस्टर असतं, आपल्या टाकीचं का नाही?

मंडळी, मकरपुऱ्यात राहणाऱ्या आपल्यापैकी निम्म्या तरी घरांत कोणी ना कोणी जीआयडीसीत नोकरी केलेली आहे, म्हणून ही गोष्ट तुम्हाला चटकन कळेल. मी एकतीस वर्षं बॉयलर हाऊसला काढली. तिथे पाण्याचं रजिस्टर असायचं. दर शिफ्टला नमुना काढायचा, हार्डनेस बघायचा. थेंब थेंब सोडत गुलाबी रंग निळा झाला की आकडा लिहायचा. पीएच, टीडीएस, खाली सही. आकडा चढला की सॉफ्टनरला मीठ. नळ्यांवर क्षार बसले तर कंपनीचे लाखो रुपये जायचे, म्हणून एवढी निगा. बॉयलर इन्स्पेक्टर यायचा तो वेगळाच.

आता आपल्या सोसायटीचं बघा. बहात्तर घरं. लिफ्टचा एएमसी आहे, सीसीटीव्हीचा आहे, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब तर पैशापैशाचा आहे. पिण्याच्या पाण्याचा एक कागद दाखवा म्हटलं तर कोणाकडे नाही.

आपल्याकडे पाणी दोन वाटांनी येतं हे नव्या भाडेकरूंना माहीतही नसतं. एक कॉर्पोरेशनची लाईन, दुसरी आपली बोअर. दोन्ही खालच्या हौदात एकत्र होतात आणि तिथून वरच्या टाकीत चढतात. बडोद्याला कॉर्पोरेशनचं पाणी आजव्याहून आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून येतं. आजव्याचं सरोवर सयाजीरावांनी 1892 च्या सुमारास पुरं करून घेतलं. त्याआधी गाव विहिरी, वाव आणि तलावांवर होतं, पटकी यायची. पंपाशिवाय, नुसत्या उतारावर वीसेक किलोमीटर पाणी गावात आणलं त्या लोकांनी! (आपली आजोबा मंडळी या गोष्टीचा अभिमान जेवताना सुद्धा सांगायची.) पण महाराजांचं पाणी आपल्या गेटापर्यंत. गेटाच्या आत हौद आपला, टाकी आपली, जबाबदारीही आपलीच. कॉर्पोरेशनला शिव्या देऊन इथे काही होत नाही.

गेल्या पावसाळ्यात बी विंगमध्ये एकापाठोपाठ आठ घरांत पोटं बिघडली. एका चौदा वर्षांच्या मुलाला कावीळ झाली, परीक्षा बुडाली. कमिटीचं म्हणणं, बाहेरची पाणीपुरी खाल्ली असेल. आठही घरांनी? मी काळी पडणारी ती चाचणीची बाटली आणली. पाणी भरून एकदोन दिवस उबेत ठेवायची, मैल्याचे जंतू असतील तर ती काळी पडते. कॉर्पोरेशनच्या लाईनचं पाणी होतं तसं राहिलं. हौदातलं दुसऱ्या दिवशी डांबरासारखं. खणून बघितलं तर गटाराच्या चेंबरला तडा, आणि चेंबर हौदाच्या भिंतीपासून दोन हातांवर. प्लंबरभाई म्हणाले, ‘‘आ तो वरसोथी आमज हशे.’’ म्हणजे वर्षानुवर्षं असंच असणार!

यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘आमच्याकडे आरओ आहे.’’ आरओ विकणारा येतो, दोन तारा पाण्यात बुडवतो, पाणी चहासारखं होतं आणि वहिनी घाबरतात. अहो, तो गंज त्याच्याच लोखंडी तारेचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. टीडीएस मीटरही तसाच, तो क्षार मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत. दोनशे टीडीएसचं पाणी कावीळ देऊ शकतं आणि नऊशेचं नुसतं मचूळ लागू शकतं. शिवाय आरओ तुमच्या स्वयंपाकघरात. वॉचमनची दोन मुलं खालच्या नळाचं पाणी पितात. भांडीवाल्या बाई जिना चढून येतात आणि त्याच नळाला ओंजळ लावतात.

सरकारी मानक आहे, आयएस 10500. त्यात टीडीएस 500 पर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या. नायट्रेट 45 च्या वर मुळीच नको, तिथे सवलत नाही. मोकळा क्लोरिन लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम राहिला पाहिजे आणि शंभर मिली पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. छान आहे सगळं. पण आपल्यासारख्या सोसायटीला हे तपासलंत का म्हणून विचारायला कोणी येत नाही.

माझी भाची न्यू जर्सीला आहे. तिच्याकडे दरवर्षी पाण्याचा रिपोर्ट घरी येतो. तिथे पंधरा जोडण्या किंवा पंचवीस माणसं असली की त्या पाण्याला कायदा लागतो, 1974 पासून. आपली बहात्तर घरं तिथे असती तर बोअरसाठी तपासणी, नोंद, चूक झाली तर घरोघर चिठ्ठी, सगळं आलं असतं. तिथेही छोट्या वसाहती नियम मोडतात, पैसा आणि माणूस दोन्ही कमी पडतात. पण मोडलेला नियम कागदावर दिसतो तरी.

लांब कशाला, 2025 च्या जानेवारीत पुण्याला सिंहगड रोडकडे, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसची साथ आली. दोनशेच्या आसपास माणसं, कित्येकांचे हातपाय लुळे पडले. नव्याने महापालिकेत आलेली गावं. नांदेडच्या विहिरीचं पाणी गाळणी केंद्राशिवाय, नुसता क्लोरिन टाकून घराघरांत जात होतं. आपल्यातल्या किती जणांची मुलं त्या भागात फ्लॅट घेऊन राहतात!

सेक्रेटरीसाहेबांची अडचण मला समजते. ते म्हणतात, काका, रिपोर्ट बोर्डावर लावला आणि वाईट आला तर फ्लॅटचे भाव पडतील. माझं म्हणणं, लावाच. चेंबर दुरुस्त झालं ते बाटली सगळ्यांना दाखवली म्हणून. मी एकट्याने येऊन सांगितलं असतं तर ‘‘बघू’’ झालं असतं. आणि भाव म्हणाल, तर कावीळ झालेलं पोर ज्यांच्या घरी होतं त्यांनी फ्लॅट विकायला काढलाय.

काम फार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर लॅबमध्ये नमुना. रोज सकाळी शेवटच्या मजल्याच्या नळाला क्लोरिनची पिवळा रंग येणारी चाचणी, दोन मिनिटं लागतात. ब्लीचिंग पावडर मोजून, हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आणि डबा बंद ठेवून, कारण उघड्या पोत्यातला क्लोरिन उडून जातो. आपला पंपवाला वास आला की मूठभर टाकतो, नाही आला की टाकत नाही. त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. मी शिकवायला तयार आहे, पगार नको.

येत्या रविवारी वार्षिक सभा आहे. पाण्याचा विषय ‘इतर’मध्ये टाकलाय, पार्किंगच्या पट्ट्या रंगवण्याच्या खाली. तो वर घ्या असं पत्र मी दिलंय, अकरा सह्या झाल्यात. मांजलपूर, तरसाली, माणेजाकडच्या मंडळींनी आपापल्या सोसायटीत टाकी शेवटची कधी धुतली आणि नमुना कधी दिला होता ते खाली लिहावं. सभेत दाखवायला उपयोगी पडेल.