सोपा ट्रेक? पण कुणासाठी?

गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या ग्रुपवर हरिश्चंद्रगडाचा प्लॅन शिजत होता. होस्टेलवरची एफवायची एक मुलगी म्हणाली, "ताई, मी कधीच ट्रेक केला नाहीये. जमेल ना मला?" मी तिला मोबाइलवर गडाचे रिव्ह्यू उघडून दाखवले. नुसता स्टार्सचा पाऊस! त्यात एक रिव्ह्यू माझाही होता. पाच स्टार आणि खाली एक ओळ: 'इझी ट्रेक आहे, कुणीही करू शकतं.'

आम्ही खिरेश्वरहून चढलो. टोलार खिंड ओलांडल्यावर रेलिंग लावलेला कातळ लागतो. पावसाने तो ओला झाला होता, वरून पाणी वाहत होतं. ती मध्येच थांबली आणि खाली बसली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. शेवटी आम्ही दोघींनी हात धरून तिला खिंडीपर्यंत खाली आणलं आणि परत फिरलो. येताना एसटीत ती हळूच म्हणाली, "सगळ्यांना इझी वाटतं. माझ्यातच काहीतरी कमी असणार."

तिच्यात काही कमी नव्हतं. कमी होतं ते माझ्या रिव्ह्यूत. मी आदल्या डिसेंबरात गेले होते, तेही पाचनईहून. कोरडी वाट, गार हवा, आणि माझा तो आठवा की नववा ट्रेक. यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं.

हरिश्चंद्रगड एकच, पण वाटा बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाचनईची वाट सोपी आणि जवळची. पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरची लांब आणि दमवणारी. ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट म्हणजे तर कोकणकड्याच्या बाजूने दगडधोंड्यांतून सरळ वर. तिथे अनुभव लागतो, सोबत जाणकार लागतो. आणि या तिन्ही वाटांनी गेलेले लोक एकाच पानावर स्टार देतात. त्यांची सरासरी काढून तुम्हाला काय कळणार?

हाच प्रश्न एका वेगळ्याच खेळाने बऱ्यापैकी सोडवलाय. डिस्क गोल्फ नावाचा हा खेळ अमेरिकेत खूप खेळला जातो. नियम गोल्फसारखेच, फक्त चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली बास्केट. कमीत कमी थ्रोमध्ये चकती बास्केटमध्ये टाकायची. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह इथे या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन सुरू झाली.

एखादा कोर्स किती अवघड, हे तिथे कसं ठरतं? 'तुम्हाला कसा वाटला' असं विचारून नाही. प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूला त्याच्या आधीच्या स्कोअरवरून रेटिंग मिळतं. १००० म्हणजे तयारीचा, मुरलेला खेळाडू. आता स्पर्धेच्या दिवशी, ज्यांचं रेटिंग आधीच माहीत आहे अशा खेळाडूंना त्या कोर्सवर किती थ्रो लागले, ते बघतात. त्यावरून १००० रेटिंगवाल्याला तिथे किती थ्रो लागले असते, हे काढतात. जोराचा वारा असेल तर सगळ्यांचेच थ्रो वाढतात, आणि तो वाराही हिशेबात येतो. शिवाय बऱ्याच कोर्सवर लाल, पांढरी, निळी, सोनेरी अशा रंगांच्या वेगवेगळ्या सुरुवातीच्या जागा असतात. नवख्याने लालवरून खेळावं, तयारीच्याने सोनेरीवरून. म्हणजे कोर्स तोच, पण 'कुठून खेळलास' हे सांगितल्याशिवाय तुमच्या स्कोअरला अर्थ नाही.

नेहमीचं गोल्फ याच्याही एक पाऊल पुढे गेलंय. तिथे तयारीच्या खेळाडूसाठी 'कोर्स रेटिंग' असतं आणि त्याशिवाय 'स्लोप रेटिंग' असतं. तयारीच्या खेळाडूच्या तुलनेत साध्या खेळाडूला हा कोर्स किती जास्त छळेल, हे स्लोप सांगतं. ते ५५ ते १५५ च्या मध्ये असतं आणि ११३ हा प्रमाण आकडा धरतात. म्हणजे 'अवघड आहे का' आणि 'नवख्यासाठी किती जास्त अवघड आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांनी मान्य केलंय. आपण ट्रेकबद्दल दुसरा प्रश्न विचारतच नाही.

तुम्ही म्हणाल, शेकडो लोक रिव्ह्यू देतात, थोडं इकडेतिकडे झालं तरी सरासरीत बरोबर होतंच की. नाही होत राव! चुका दोन्ही बाजूंना असतील तर सरासरीत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. इथे चूक एकाच बाजूला आहे. रिव्ह्यू कोण लिहितं? जो वर पोचला, ज्याचा कोकणकड्यावरचा फोटो भारी आला, तो. टोलार खिंडीतून परतलेली माझी ती मैत्रीण कुठे लिहिते? तिला तर लाज वाटत होती. मग पानावर उरतात फक्त पोचलेले, आणि सगळे मिळून सांगतात, 'इझी!'

याची दुसरी बाजूही आहे. गडाच्या पायथ्याशी आणि वरही गावातली माणसं पिठलं-भाकरी करून देतात, राहायची सोय करतात. त्यांच्या नावासमोर मी असं वाचलंय: 'नेटवर्क नाही, चढ फार आहे, दोन स्टार.' अरे, चढ त्या काकूंनी बांधलाय का? गड अवघड गेल्याचा राग भाकरीवर कशाला काढायचा? पुढच्या आठवड्यातली गिऱ्हाईकं त्या स्टार्सवर येतात किंवा येत नाहीत.

ट्रेकला थ्रो मोजता येत नाहीत, हे मान्य. पण बरंच काही सांगता येतं. पुढच्या वेळी रिव्ह्यू लिहाल तेव्हा एवढं कराच.

आधी स्वतःबद्दल एक ओळ: हा माझा कितवा ट्रेक. मग वाट: कुठल्या गावातून चढलात, कुठे उतरलात. मग महिना, वार आणि पाऊस होता की नव्हता. हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या मंगळवारी दुपारी वेगळ्या असतात आणि पावसाळ्यातल्या रविवारी, खालीवर माणसांची रांग असताना, वेगळ्या. चढायला लागलेला वेळ लिहा, थांबे धरून. आणि सगळ्यात भीती वाटली ती जागा नेमकी सांगा, कारण घड्याळात भीती मोजली जात नाही. दहा मिनिटांच्या कातळापाशी अख्खा ट्रेक अडू शकतो.

'आवडला' आणि 'अवघड होता' हे वेगवेगळं लिहा. जेवणाचे स्टार जेवणाला द्या, चढाचे चढाला. आणि अर्ध्यातून परत आला असाल, तर नक्की लिहा. नवख्या माणसाला त्या एका रिव्ह्यूची गरज पन्नास फोटोंपेक्षा जास्त आहे.

ट्रेकला नेणाऱ्या ग्रुप्सनाही एक विनंती. पोस्टरवर 'इझी' छापण्याआधी, कुणासाठी आणि कुठल्या वाटेने, हे दोन शब्द जास्तीचे छापा. जागा पुरत नसेल तर ढगातला तो ड्रोन फोटो थोडा लहान करा.

मी माझा जुना रिव्ह्यू बदललाय. आता तिथे पाचनई, डिसेंबर, कोरडी वाट आणि आधीचे ट्रेक, सगळं आहे. खाली खिरेश्वरचा जुलैमधला अनुभवही जोडलाय, परत फिरल्यासकट. तो मी एकटीने नाही लिहिला. एफवायची ती मुलगी शेजारी बसून सांगत होती. या डिसेंबरात आम्ही दोघी पुन्हा जातोय, पाचनईहून.