पुराचा खर्च कोणाच्या नावे?

हवामानबदल हा परिसंवादात बोलायचा विषय, धंद्याचा नव्हे, असे बेळगावातील आमचे व्यापारी आणि कारखानदार बंधू अजूनही म्हणतात. त्यांना आम्ही एकच विचारतो. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर आले, तेव्हा तुमचा माल कुठे होता? जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा झाले. निपाणीच्या याच महामार्गावर १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी ठाण मांडून बसला आणि गोळीबारात १२ जण गेले. शेतकऱ्याने रस्ता अडवला की धंद्याचे नुकसान मोजले जाते. पाण्याने अडवला की मात्र ‘निसर्गापुढे काय करणार?’

निसर्गाचे नाव पुढे करणे सोपे आहे. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो, हे खरे. पण पडलेले पाणी जायचे कुठून? बळ्ळारी नाला पाहा. सांडपाणी, गाळ, जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणे यांनी तो बुजत आला आहे. जोराचा पाऊस झाला की पाणी शहापूर, वडगाव, जुने बेळगावच्या शिवारात शिरते. ज्या शिवारातला बासमती बेळगावचे नाव सांगायचा, तिथे भाताचे रोप कुजते आणि दुबार लावणीचा खर्च अंगावर येतो. प्लॉट पाडणाऱ्याचा नफा त्याच्या खिशात आणि त्याने अडवलेल्या पाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या नावे! असा जमाखर्च कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला कोणी लिहिला असता तर मास्तरांनी वही भिरकावली असती. कर्जाच्या फायलीत उतारा लागतो, जामीनदार लागतो. जागेत पाणी शिरते का, हे सहसा कोणी विचारत नाही.

निकोलस स्टर्न यांनी २००६ साली ब्रिटिश सरकारला हाच हिशेब मांडून दिला. उपाय केला तर जगाच्या वार्षिक उत्पन्नाचा सुमारे १ टक्का खर्च; न केल्यास किमान ५ टक्के तोटा, कदाचित २० टक्क्यांपर्यंत. त्या आकड्यांवर वाद झाले. आपल्याकडचा आकडा घ्या. २०१९ च्या पुराचे नुकसान कर्नाटक सरकारने ३५ हजार कोटींच्या वर सांगितले. ऑक्टोबरमध्ये केंद्राकडून आले १२०० कोटी. मधला बोजा वडगाव-खासबागच्या ज्या विणकराचा माग पाण्यात उभा राहिला त्याने उचलला, आणि नदीकाठच्या ऊसवाल्याने. फौंड्रीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: युरोपात जाणाऱ्या लोखंड-पोलादावर १ जानेवारी २०२६ पासून कार्बनचे शुल्क आहे. सगळे ओतकाम त्यात आज येत नसेल, म्हणून निर्धास्त राहू नका.

‘सगळे अलमट्टीमुळे’ म्हणून मोकळे होणारेही आपल्यात आहेत. अलमट्टी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला आमचा विरोध आहे आणि राहील. पण बळ्ळारी नाल्यातला गाळ काही अलमट्टीने टाकलेला नाही.

महापालिकेने नाल्याची पूररेषा नकाशासह जाहीर करावी आणि तिच्या आतले बांधकाम परवाने थांबवावेत. पंचनाम्याचे आणि पीकविम्याचे कागद मराठीतही मिळालेच पाहिजेत. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असलेल्या तालुक्यात तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. वाचता न येणाऱ्या कागदावर शेतकऱ्याने सही तरी कशी करायची? आणि नाला साफ करण्याच्या मागणीसाठी शेतकरी महापालिकेवर जातील, तेव्हा व्यापारी बंधूंनी त्या निवेदनावर आपल्या संघटनेचा शिक्का उमटवावा.