सातबारा संगणकात जाताना

घरच्या शेतीचा सातबारा एकदा वडिलांकडून मागून घ्या व नीट वाचा. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची ते असते, नमुना १२ मध्ये तीत कोणते पीक घेतले ते. रावेरचा केळीबागाईतदार असो की शिरपूरचा कापूस लावणारा, पीककर्ज आणि भावाभावांतील वाटणी यांसाठी हाच कागद लागतो. महाराष्ट्रातील हे हस्तलिखित दप्तर आता संगणकात गेले आहे. माहिती अशी एका मांडणीतून दुसरीत नेण्याचे काम दिसते तितके सोपे नसते.

एक मार्ग असा, की सारे एकदम भरावे आणि दुसऱ्या दिवशी जुनी वही बंद करावी. दुसरा, गावागावाने जावे व काही काळ जुने-नवे दोन्ही ठेवावे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा देशाने दुसराच मार्ग घेतला. आणे आणि नवे पैसे काही काळ बाजारात शेजारी शेजारी चालले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे! दुकानदारांची त्रेधा उडाली असेल, पण व्यवहार थांबला नाही.

माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. मात्र एक अट आहे. दोन वह्या फार दिवस चालल्या, की फेरफार एकीत चढतो नि दुसरीत राहून जातो. मग खरी कोणती? म्हणून अखेरची तारीख आधीच ठरलेली हवी, आणि तोवर कोणती वही प्रमाण मानायची तेही.

आता पडताळा कसा घ्यावा? समजा, जुनी नोंद ५ एकर, म्हणजे २०० गुंठे आहे. कोणी एक गुंठा म्हणजे एक आर असे धरून २०० आर लिहिले. वास्तविक ते २०२.३४ आर होतात. २३४ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी झाली! गावाच्या एकूण क्षेत्राशी बेरीज ताडली तर ही चूक सापडते. पण दोन शेजाऱ्यांची नावे अदलाबदल झाली तर? बेरीज बिनचूक जुळेल आणि यंत्र समाधानाने गप्प बसेल. ही चूक ज्याचे शेत त्यालाच कळणार. २०१७ साली राज्यात चावडीवाचन झाले, संगणकीकृत सातबारे गावकऱ्यांसमोर वाचले गेले, ते याचसाठी. कोणत्याही आज्ञावलीपेक्षा मला हा पडताळा अधिक भरवशाचा वाटतो. तो आधी व्हावा आणि जुनी वही नंतर मिटावी.

घरी जुना हस्तलिखित उतारा असेल तर नव्याशेजारी ठेवून नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र ताडून पाहा. गणिताच्या शिक्षकांनी हा तास वर्गातच घ्यावा. लेखनाची चूक आढळली, तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ नुसार दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत तो जुना उतारा जोडायला विसरू नका.