पडलेला फणस आणि मोडलेली पडवी

कोकणातील घरातून पडवी वजा केली, तर मागे उरतात त्या नुसत्या खोल्या. वाटसरूने टेकावे, आजोबांनी सुपारी कातरावी, मुलांनी पाढे म्हणावेत, ते सारे पडवीत. आम्हा कोकणी भाषकांच्या घरी तेथील बैठकीला ‘सोपो’ म्हणतात. कोयलीत १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि ठिकठिकाणची कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. त्यांतील ज्यांचे मूळ घर कोकणात आहे, त्यांच्यासाठी हा विषय मुद्दाम मांडीत आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले. कौले उडाली, पडव्या मोडल्या, आंबा, फणस व सुपारीची झाडे आडवी झाली. पावसाळा तोंडावर होता. अशा वेळी पत्रे घालणे योग्यच. परंतु तात्पुरता म्हणून घातलेला पत्रा पुष्कळदा कायमचाच होऊन बसतो आणि अंगणात पडलेला फणस सरपणाच्या भावाने जातो. हे मात्र मला अयोग्य वाटते.

फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो. दक्षिणेत वीणा आणि मृदंग त्याचेच करतात. त्याचे खांब व तुळया दारातच कापून घेता येतात. कापणे सोपे, थांबणे कठीण! ओले लाकूड वाळताना आकसते, पिळवटते, चिरते. म्हणून मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी सावलीत रचावी. इंचभर जाडीला एक वर्ष, हा जुना ठोकताळा. गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड लवकर किडते, ते काढून टाकावे. आंब्याचे लाकूडही उघड्यावर टिकत नाही. खांब दगडी तळखड्यावर उभा करावा, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाला आहे? मजुरीचा हिशेब केला तर लोखंडी सांगाडा स्वस्तही पडेल. हे मला मान्य आहे. परंतु उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याखाली कोणाला बसवत नाही, आणि जेथे कोणी बसत नाही तिला पडवी कशी म्हणावी? यावर तोड आहे. काही वर्षे पत्रा राहू द्यावा, त्याच्याच आडोशाला लाकूड वाळू द्यावे आणि मग सुताराला बोलवावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वाट्याचेही एक काम आहे. जेथे फणस पडला, तेथे पहिल्या पावसात एक आठळी पेरा. पुढच्या पिढीच्या पडवीचे लाकूड तेथूनच यावयाचे आहे.