भरवशाचे पिस्तूल
तळेघरचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. न पुसलेला कोयता दोन दिवसांत गंजतो. मग तिथल्या बंदोबस्तावरच्या पोलिसाने कमरेच्या पिस्तुलावर भरवसा कसा ठेवावा?

१९११ साली अमेरिकी सैन्याने जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या. तापले की ते पाण्यात बुडवत. ते एकदाही अडले नाही. आपल्या ईशापूर कारखान्याचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल ब्राउनिंग यांच्याच घराण्यातले. पण नुसत्या घराण्यावर बँकसुद्धा कर्ज देत नाही! मॅगझिनची स्प्रिंग थकते, तेलात धूळ बसते आणि गोळी अडकते.

तिजोरीतली शिल्लक मोजूनच मानायची, हे मी नोकरीत शिकलो. शस्त्राचेही तेच. सरावाच्या गोळ्यांत केलेल्या काटकसरीची किंमत शेवटी शिपाई जिवाने चुकवतो.